लांबचं ऑफिस

स्प्रिंगफील्ड लेक्स या उपनगरात कुणाला शिंक आली तरी मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'काळजी घ्या' असे मेसेज येतात. अशा ठिकाणी चित्रलेखाने आपली नोकरी गेल्याचं कित्येक महिने कुणाला कळू दिलं नाही, हे तिचं कर्तृत्वच म्हणायचं!

ती कामाला होती ती मालवाहतुकीची कंपनी गाशा गुंडाळून मेलबर्नला गेली. घटस्फोटानंतर घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं. लेक ओवी अकरावीत. आता घर चालत होतं ते जॉबसीकरवर, म्हणजे काम शोधणाऱ्यांना सरकार देतं त्या भत्त्यावर. इतकी वर्षं इमानेइतबारे टॅक्स भरलेल्या बाईने त्यात लाजण्यासारखं खरंतर काहीच नव्हतं. पण चित्रलेखा लाजायची. भत्ता चालू राहण्यासाठी नोकरी शोधून देणाऱ्या एजन्सीत नियमित हजेरी लावावी लागे. तसं ऑफिस घराजवळही होतं, पण त्याच्या शेजारीच इंडियन ग्रोसरी! कढीपत्ता घ्यायला आलेली एखादी वहिनी काचेतून बघायची, या धास्तीने बाईंनी मुद्दाम इप्सविचचं ऑफिस निवडलं आणि पेट्रोल जाळत तिकडे जाऊ लागल्या.

"मम, इट्स नॉट अ क्राइम," ओवी म्हणायची.

"क्राइम नाही गं. पण तू कुणाला बोलू नकोस."

या लपवाछपवीची खरी किंमत पुढे कळली. जवळच्या एका एज्ड केअर होमला, म्हणजे वृद्धाश्रमाला, किचन सुपरवायझर हवी होती. चित्रलेखाचा इंटरव्ह्यू झकास झाला. फक्त एकच अडचण राहिली: रेफरी. तुमचं काम जवळून पाहिलेला आणि फोनवर तुमची हमी देणारा माणूस. जुन्या ऑफिसने तिला किचनमध्ये कधी पाहिलंच नव्हतं. तिचं ते काम पाहिलं होतं मंडळाने. दर गणपतीत महाप्रसादाचा सगळा स्वयंपाक तीच उभा करायची आणि मंडळाचे अध्यक्ष पद्माकर त्याचे साक्षीदार होते. पण त्यांना विचारायचं म्हणजे नोकरी गेल्याचं सांगायचं. तिने मेसेज लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. हातातोंडाशी आलेला घास आपल्याच हट्टापायी जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं आणि तरी बोट पुढे सरकत नव्हतं.

अशा अवस्थेत ती इप्सविचला हजेरीला गेली. वेटिंग रूममध्ये कोपऱ्यात एक गृहस्थ कसलंसं माहितीपत्रक नाकाला लावून बसले होते. माहितीपत्रक उलटं होतं.

"पद्माकरदादा?"

"अगं, चित्रा! मी... मी आपला एसी बघायला आलो होतो. मंडळाच्या हॉलला असाच घ्यावा म्हणतो." दादांनी छताकडे बोट दाखवलं.

"हो का? मी पण सहजच. बाहेर फार ऊन आहे ना."

तेवढ्यात आतून हाक आली, "पद्माकर? कम ऑन इन, मेट!"

दादांचा चेहरा पडला. मग त्यांनी चित्रलेखाकडे पाहिलं, चित्रलेखाने त्यांच्याकडे पाहिलं आणि दोघांनाही एकदम हसू फुटलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली दोघं.

"माझी मार्चमध्ये गेली," दादा म्हणाले. "घरी माहितेय. मंडळात कसं सांगू? अध्यक्ष ना मी! तू तरी कळवायचंस."

"कळवणारच होते," चित्रलेखा म्हणाली आणि इतके दिवस लिहून पुसलेलं बोलून मोकळी झाली. "दादा, माझे रेफरी व्हाल?"

दुसऱ्याच दिवशी एज्ड केअरच्या मॅनेजरचा तिला फोन आला. "तुमचे अध्यक्ष थांबतच नव्हते," मॅनेजर हसत म्हणाली. "ऐन जेवणाच्या वेळी गॅस संपला, तर तुम्ही घराघरांतून राइस कुकर गोळा करून सगळ्या हॉलला जेवू घातलंत म्हणे! सोमवारी येता?"

चित्रलेखाने फोन ठेवला आणि घरभर नाचली. ओवीने व्हिडिओही काढला.

दिवाळीच्या कार्यक्रमात पद्माकरदादांनी नव्या नोकरीबद्दल तिला स्टेजवर बोलावून गुच्छ दिला. आभार मानून खाली उतरली असती तरी चाललं असतं. तिने माइक घट्ट धरला.

"ही नोकरी लागायच्या आधी मी जॉबसीकरच्या भत्त्यावर होते. तुमच्यापासून लपवलं. चूक केली. त्या भत्त्यामुळे आमचं घर उभं राहिलं आणि मला त्याची लाज वाटत नाही."

तिची मान ताठ होती. दादांनी तिच्या हातातून माइक घेतला.

"मी अजून भत्त्यावर आहे," ते म्हणाले.

मागच्या रांगेत आयटीवाला निमिष उठून उभा राहिला. त्याची बायको मधुवंती त्याचा शर्ट ओढत होती. मग तिनेच हात सोडला आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. "मी पण, दादा," निमिष म्हणाला. पहिली टाळी ओवीची पडली, आणि मग हॉलमध्ये काही ऐकू येईना.

त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत कुणी कुणाला 'काय, जॉब कसा चाललाय?' असं विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "रेफरी हवाय का?"