डाव्या चाकावरची कुंकवाची रेघ

आधीच सांगून ठेवतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे. सगळी हयात परळच्या गॅरेजात नट-बोल्ट आवळण्यात गेली. गाडीतून आवाज आला की त्याला कारण असतं... बेअरिंग गेलेलं असतं, नाहीतर सायलेन्सर फुटलेला असतो. भूत नावाचा पार्ट कुठल्या दुकानात मिळत नाही! तुमच्या सदरातल्या पांढऱ्या साडीवाल्या बायांच्या गोष्टी वाचून मी पोट धरून हसलोय. पण स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिलं, त्याला चाळीस वर्षं झाली आणि मला अजून त्याचं कारण सापडलेलं नाही. लिहितोय ते म्हणूनच. शिवाय यातली एक गोष्ट मी वहिनी सोडून आजवर कुणापाशी कबूल केलेली नाही. आता वहिनीही नाही. म्हटलं, मरायच्या आत बोलून मोकळा होतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. लालबागला आमच्या चाळीची एकही भिंत घोषणांवाचून कोरी नव्हती. दोन खोल्यांत आम्ही तिघं... माझा थोरला भाऊ दत्ताराम, त्याला मी दादा म्हणायचो, त्याची बायको म्हणजे सुमनवहिनी, आणि मी, मनोहर. आईवडील गावाला मालवणकडे. परळच्या पुलाजवळ एका शेडमध्ये दादाचं गॅरेज होतं. मी सव्वीस वर्षांचा, दादाच्या हाताखाली मेकॅनिक. दादा दिवसभर गाडीखाली आणि संध्याकाळी मोर्चात. एकदा पाठीवर लाठी खाऊन आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पाठीवर गाडीखाली झोपला. असला माणूस!

दादाची एक पद्धत होती. चाकाचा नट आवळला की त्यावर तो लाल रेघ ओढायचा. वहिनीच्या करंड्यातलं चिमूटभर कुंकू तेलात कालवायचं, करंगळीनं नटावरून रेघ ओढायची आणि ती तशीच चाकाच्या पत्र्यावर उतरवायची. अर्धी रेघ नटावर, अर्धी पत्र्यावर. नट जरा जरी फिरला की रेघ तुटलेली दिसणार. त्याची करंगळी फॅनबेल्टमध्ये सापडून मधोमध फाटली होती, म्हणून त्याची रेघ टोकाला दुभंगायची. मी ओढलेली रेघ कधी तशी आली नाही. चारही चाकं झाली की मडगार्डवर पान्यानं दोनदा ठोकायचा, टक... टक. म्हणजे जा आता.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे गिरगावचे रमाकांतसाहेब. खोताच्या वाडीच्या तोंडाशी त्यांचं जुनं घर. घराणं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईतलं, वडील बॅरिस्टर, आणि यांना नाद मोटारींच्या शर्यतीचा. थंडीत उपनगरातल्या विमानाच्या धावपट्टीवर रिकामी पिंपं आणि गवताचे भारे मांडून रेस व्हायची. शनिवारी प्रॅक्टिस, रविवारी रेस. नेहमीच्या वापरातल्या बंद टपाच्या, म्हणजे सलून गाड्यांची रेस वेगळी असायची, साहेब त्यात उतरायचे. आम्हाला ते अरेतुरे करायचे आणि दादा त्यांना ‘साहेब, साहेब’ करायचा. त्याचा मला तेव्हाही राग यायचा.

त्या वर्षी शनिवारी प्रॅक्टिस झाल्यावर दादानं चारही चाकं स्वतः आवळली, रेघा ओढल्या. साहेब म्हणाले, “गाडी मी घरी नेतो, उद्या घेऊन येतो.” रविवारी ते आलेच उशिरा. बरोबरचे मित्र उतरले आणि गाडी थेट सुरुवातीच्या लाइनीवर! दादा तेव्हा पलीकडे वळणावर साहेबांना फेऱ्यांचे आकडे दाखवायचा बोर्ड घेऊन उभा होता. त्यानं चाकं पाहिली नाहीत, टक-टक झालं नाही. सहाव्या फेरीला त्याच वळणावर मागचं डावं चाक निखळलं आणि सुसाट जाऊन दादाच्या छातीवर बसलं. गाडी गवतात घुसली. साहेबांना खरचटलंसुद्धा नाही. आणि माझा दादा... मी धावत पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं.

पोलिसांसमोर साहेब काय म्हणाले असतील? “मोर्चेवाला माणूस. रात्रभर घोषणा देत फिरतो, नट कसले आवळतोय? स्वतःच्या हलगर्जीपणानं मेला.”

अहो, त्या आठवड्यात रेसच्या कामापायी दादा एकाही सभेला गेला नव्हता!

मी ते चाक पाहिलं होतं. नट उडून गेले हे कबूल, पण पत्र्यावरची अर्धी रेघ कुठं जाईल? पत्रा कोरा होता. म्हणजे दादानं बसवलेलं चाक ते नव्हतंच. शनिवार-रविवारच्या मधे कुणीतरी चाक बदललं होतं आणि गाडी होती साहेबांच्या ताब्यात. हवालदाराला सांगितलं तर तो हसला. “कुंकू बघून केस उभी राहत नाही,” म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून ते चाकही गायब.

दादा गेला तो गेला, वर नाव घेऊन गेला. ‘ज्याच्या हातचं चाक निखळलं तो’ अशी त्याची ओळख झाली. गॅरेजला गिऱ्हाईक येईना. नळावर बायका वहिनीला ऐकू जाईल इतपत हळू बोलायच्या. वहिनीनं कुंकवाचा करंडा फडक्यात बांधला, गाठीवर गाठ मारली आणि फळीवर ठेवून दिला. रडली नाही. तेराव्याला मला म्हणाली, “भावजी, त्याका सोडू नकात.”

“नाही सोडणार,” मी म्हटलं.

महिन्याभरानं साहेब स्वतः शेडमध्ये आले. “भावाची चूक मी तुझ्या माथी मारणार नाही. माझी गाडी तूच बघ,” म्हणाले. चार लोकांत मन मोठं दाखवायचं होतं ना! जाताना वर म्हणाले, “फक्त ते कुंकूबिंकू माझ्या गाडीला नको.” मी मान खाली घालून “बरं साहेब” म्हटलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पण त्याच क्षणी ठरवलं, तेच चाक, तेच वळण. वर्षभर मी त्यांच्या गाडीची अशी सेवा केली की बास रे बास. साहेब खूश! मी तर रविवार मोजत होतो.

पुढच्या थंडीत रेस आली. शनिवारची प्रॅक्टिस नीट झाली. या खेपेला गाडी धावपट्टीवरच ठेवायला लावली आणि कनातीत मी पहारा दिला. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास, लख्ख उन्हात, साहेब मित्रांबरोबर चहा घेत होते. मी मागच्या डाव्या चाकापाशी बसलो आणि पाचही नट ढिले केले. हातानं फिरतील एवढे. होय, मी केले. लिहितानाही मला लाज वाटत नाही.

कनातीमागे पिंपावर हात धुतले आणि परत आलो. दहा पावलंसुद्धा नसतील. येऊन पाहतो तर पाचही नटांवर लाल रेघ! ओली. टोकाला दुभंगलेली.

पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. पण करणार कोण? दादाच्या रेघेचं दुभंगलेलं टोक मी आणि वहिनी सोडून कुणाच्या लक्षात असणार? आणि वहिनी लालबागला. नट हातानं फिरवून पाहिला... हलेना. घट्ट. मी चिंधीनं रेघा पुसल्या, पाना लावला, पुन्हा पाचही ढिले केले. उठलो, आसपास कुणी आहे का म्हणून मान वळवून पाहिलं. चिटपाखरू नाही. खाली बघतो तर पुन्हा रेघा. पुन्हा घट्ट.

मग मात्र माझं डोकंच फिरलं. मी चक्क भांडायला लागलो. “दादा, बाजूला हो! तुला मारलं त्यानं. तुझं नाव मातीत घातलं. हो म्हणतो ना बाजूला!” तिसऱ्यांदा पाना लावून दोन्ही हातांनी त्यावर सगळं वजन टाकलं. पाना निसटला, बोटांची सालं निघाली, नट तसूभर हलला नाही. तेवढ्यात साहेब आले. “काय रे, झालं?” मी सोललेली बोटं चिंधीत गुंडाळत उठलो. ते आत बसले, गाडी सुरू केली. आणि मडगार्डवर आवाज झाला. टक... टक.

माझा पाना जमिनीवर पडला होता हो! साहेबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, मीच ठोकलं. गेले.

सुरुवातीला साहेब पुढे होते. चौथ्या फेरीपासून गाडी उगाच इकडेतिकडे व्हायला लागली. वळणाला जोरात ब्रेक, सरळ रस्त्यावर हळू. सहाव्या फेरीला त्याच वळणावर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि थांबले. मी पळत गेलो. मागोमाग रेसची माणसं, डॉक्टर, दोन-तीन मेकॅनिक आले. साहेब स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते, घामानं निथळत.

“चाक बघ. मागचं डावं. कोण ठोकतंय ते बघ.”

“कुणी नाही साहेब.”

“पहिल्या फेरीपासून ठोकतोय. दोनदा ठोकतो, थांबतो, पुन्हा दोनदा. ऐक... आत्ता!”

आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. ते धडपडत उतरले, चाकाशी गेले आणि रेघा दिसताच गुडघ्यांवर बसले. पांढरी स्वच्छ पँट मातीत. एका रेघेवर बोट ठेवून म्हणाले, “मीच बदललं होतं रे चाक. त्या दिवशी सकाळी वाटेत पंक्चर झालं. मित्र घाई करत होते... मीच बसवलं. दत्तारामनं हात लावला नव्हता.”

मी त्यांच्या डोक्यावर उभा होतो. म्हटलं, “मोठ्यानं.”

त्यांनी पुन्हा सांगितलं.

“या डॉक्टरांना ऐकू आलं नाही, साहेब. पुन्हा.”

तीनदा वदवून घेतलं. कुणी मधे पडलं नाही. मी त्यांना मारलं असतं तर ते वाक्य त्यांच्याबरोबरच जळून गेलं असतं. एवढी अक्कल तेव्हा मला नव्हती.

त्यांचं पुढे काय झालं ते इथंच सांगतो. आठ दिवसांत ते लालबागला आले आणि भर गॅलरीत, सगळ्या चाळीसमोर, वहिनीला हेच बोलले. वहिनी दार धरून उभी होती. तिनं ऐकून घेतलं, ‘या’ म्हटलं नाही, ‘बसा’ म्हटलं नाही. केस वगैरे काही झाली नाही, त्या घराण्याचे हात लांब होते. पण लोकांच्या गाड्या पुन्हा शेडला लागल्या, ‘दत्तारामचं गॅरेज’ म्हणून. साहेबांच्या कानातलं टक-टक मात्र गेलं नाही. गाडी कुठलीही असो, बसले की सुरू. रोज सकाळी खोताच्या वाडीच्या तोंडाशी, इस्त्रीच्या कपड्यांत, ते गुडघ्यांवर बसून चारही चाकं आवळायचे. ऑफिसला निघालेलं गिरगाव बघत जायचं. त्यांचं काम मी सोडलं नव्हतं, मुद्दाम. मी शेजारी हाताची घडी घालून उभा राहायचो.

“मनोहर, घट्ट आहेत एवढं म्हण रे.”

“मी नाही पाहिले, साहेब. तुम्हीच बघा.”

वर्षभर हेच चाललं. मग त्यांनी गाडीच विकली. माझ्या तोंडून ‘घट्ट आहेत’ शेवटपर्यंत निघालं नाही आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

आता त्या रविवारच्या संध्याकाळचं. दिवेलागणीला मी घरी पोचलो. वहिनी वाटच बघत होती. साहेब जिवंत आहेत हे ऐकताच तिचा चेहरा उतरला. साहेब काय बोलले ते सांगितलं तेव्हा पदर डोळ्यांना लावून थोडा वेळ बसली. मग नट, रेघा, सगळं सांगितलं, आणि ती भडकलीच.

“मेल्यार पण सायबाचीच चाकरी करतत? त्याका वाचवक गेले? आणि कुंकू खयचा? माझ्या घरात वरीसभर कुंकवाक कोणी हात लावलो नाय!”

तरातरा उठून तिनं फळीवरचं गाठोडं काढलं. फडक्यावर वर्षाची धूळ. गाठी तशाच, इतक्या पक्क्या की तिला दातांनी सोडाव्या लागल्या. करंड्याचं झाकण उघडलं.

कुंकू तेलानं भिजलेलं होतं. मधोमध बोट फिरल्याची खूण... टोकाला दुभंगलेली.

मी भिंतीला टेकलो. म्हटलं आता ही किंचाळणार. पण वहिनीचा राग कुठल्या कुठे गेला. करंडा मांडीवर घेऊन ती खाली बसली आणि वर्षभरात न रडलेली बाई हुंदके देऊन रडायला लागली.

“म्हणजे घराक येवन गेले, भावजी,” ती म्हणाली. “आणि माझ्याशी एक शब्द बोलाक नाय.”

मी खूप डोकं लढवलं. करंडा आजही माझ्याकडे आहे, कुंकू वाळून दगड झालंय. गाठी न सोडता तेल आत कसं गेलं, नट कुणी आवळले, मला सांगता येत नाही. कुणाला ठाऊक असेल तर कळवा. आणि दादा कुठं भेटलाच, तर त्याला माझ्यातर्फे विचारा... साहेबांसाठी एवढा आलास, मग दोन पावलं पुढं येऊन वहिनीला हाक मारायला काय झालं होतं?