आईच्या पायाचं कुरूप

आईची नोकरी उभ्याची. रत्नागिरीतल्या एका आमरसाच्या कारखान्यात तिने पंचवीस वर्षं ओल्या फरशीवर उभं राहून काढली. तळव्यांना घट्टे तेव्हाच पडले होते. निवृत्तीनंतर उजव्या अंगठ्याखाली कुरूप झालं आणि ते बरं करायचं मी मनावर घेतलं. दर रविवारी कोमट पाण्यात मीठ टाकून पाय भिजवायचे, वजरीने घासायचे, खोबरेल चोळायचं आणि औषधाच्या दुकानातली कुरुपाची पट्टी लावायची. सुरुवातीला वजरी लागली की ती पाय ओढून घ्यायची. वर्षभरात ते थांबलं. आपल्या हाताला गुण आहे, असं मी शेजारणीलाही सांगून आले.

त्या रविवारी मी मागच्या पडवीत कपडे वाळत घालत होते. आईने गिझरचं पाणी स्वतःच बादलीत काढून घेतलं. मी आत आले तेव्हा ती पाय बुडवून वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी पाण्यात हात घातला आणि चटका बसून तो तसाच मागे घेतला.

"आई, पाय काढ आधी बाहेर."

"का गो? कोमटच तर आहे."

पाय घोट्यापर्यंत लालबुंद झाले होते. मी ते मांडीवर घेऊन गार पाणी ओतू लागले. पट्टी सुटून आली. खाली पांढरी पडलेली कातडी होती आणि तिच्या मधोमध बोराच्या बीएवढं ओलं भोक. कधीपासून दुखतंय, असं विचारलं, तर ती म्हणाली, "दुखत नाही हल्ली. तुझ्या औषधानं बरं वाटलं म्हणून काही बोलले नाही."

रिक्षा करून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले. स्पर्श कळला की 'हो' म्हणायचं. नायलॉनच्या बारीक काडीने ते तळव्याला ठिकठिकाणी टोचत होते. आई डोळे मिटून वाट बघत राहिली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "सुरू कधी करताय?"

मी खुर्चीची कड धरून बसले.

रक्तात साखर खूप वाढलेली निघाली. त्या साखरेमुळे पायांची जाणीव गेली होती आणि पट्टीतल्या औषधाने कुरुपाबरोबर धड कातडीही खाल्ली होती. अशा पायाला घरी हात लावायचा नसतो, असं डॉक्टर म्हणाले. ते रागावले नाहीत, पण मला मान वर करवेना.

जखम भरायला तीन महिने लागले. एक दिवसाआड ड्रेसिंग, रोज गोळ्या, बोटांना जागा देणारे मऊ बूट. पाय वाचला. आई आता बूट घालून बाजारात जाते आणि मासळीवाल्या तिला हसतात, असं मला येऊन सांगते. शेजारीण परवा आपली टाच दाखवायला आली, तर मी तिला दारातूनच डॉक्टरांचा पत्ता दिला.