टेबलाजवळची जागा आणि एक ब्रश

धाकटे, तुझ्या निवृत्तीच्या स्मरणिकेत चार गोड शब्द लिही म्हणून तुझ्या मुलीनं माझ्यामागे टुमणं लावलंय. गोड जमणार नाही. खरं लिहिते, फुगून बसू नकोस.

तर आमची ही धाकटी, इस्पितळातली सिस्टर, एकतीस वर्षं ऑपरेशनच्या टेबलाजवळ उभी राहिली. सर्जननं हात पुढे करायच्या आत त्यात हवं ते हत्यार. ती जागा म्हणजे तिचा जीव की प्राण. आणि त्याआधी सिंकपाशी पाच मिनिटं ब्रशनं हात घासणं: नखं, बेचक्या, थेट कोपरापर्यंत. घरी भाजी चिरायची तरी तोच सोहळा. त्यापायी हातांची सालटी निघाली, पेरांना भेगा पडल्या.

मग जंतुसंसर्ग बघणारी नवी डॉक्टरीण आली. तिनं तुलना मांडली. पंधरा दिवस सगळ्यांनी ब्रश आणि साबण. पुढचे पंधरा दिवस ब्रश बंद, कोरड्या हातांवर नुसतं स्पिरिटचं द्रावण चोळायचं. रोज बोटांचे ठसे जंतू वाढवायच्या बशीत.

"पाण्याशिवाय हात स्वच्छ? उद्या म्हणाल, जेवल्याशिवाय पोट भरा," सिस्टर फणकारली.

निकाल आला. द्रावणानं बाकीच्यांचे हात ब्रशइतकेच स्वच्छ, काहींचे तर जास्तच. हिच्या बशांत मात्र दोन्ही पंधरवड्यांत जंतूंचं रान माजलेलं.

"सिस्टर, खरं सांगा. द्रावणाच्या दिवसांत ब्रश वापरलात?"

"थोडासा."

"थोडासा म्हणजे?"

"पाच मिनिटं. मग तुमचं ते चोळायचे. तुमचा मान राखायला."

डॉक्टरिणीनं कपाळाला हात लावला. "अहो, ओल्या हातांवर ते पातळ होतं. आणि या भेगांत जंतू घर करून बसतात. त्या भरेपर्यंत टेबलाजवळ यायचं नाही."

सिस्टरला ते चारचौघांत 'घाणेरडी' म्हटल्यासारखं लागलं. तिची रवानगी स्टोअरमध्ये झाली, कापडांच्या घड्या घालायला. निवृत्तीला पाच महिने उरले होते. भेगा भरल्या असत्या तर ती परत टेबलाजवळ गेली असती. आठवडाभर कळ काढली. मग घरच्या न्हाणीघरात ब्रश पुन्हा खसखसू लागला.

डॉक्टरिणीनं मलम लिहून दिलं होतं. ते थोरल्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या, घराजवळच्या दुकानातच मिळे.

"ताई, येताना आण गं."

"आधी तो ब्रश फेक, मग आणते."

"आधी मलम आण, मग फेकते."

दोघी हटून बसल्या. पाच महिने तसेच गेले, आणि निरोपाचा हार तिनं कापडांच्या ढिगाशेजारी उभं राहून घेतला.

काल तुझ्याकडे हात धुवायला गेले, तर ब्रश खुंटीला होता, ओला. मलमाची चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे, चार घड्या घातलेली. दुकानावरून रोज जाते.