तीन फेऱ्या, एक सेकंद

शाहरोमने कागद उलटा करून पाहिला. मागे कोरा होता. पुन्हा सुलटा केला. आकडे तेच.

सकाळच्या पहिल्या पाळीत ट्रॅकच्या एकेका फेरीला लागलेला वेळ: दोन मिनिटं एकतीस सेकंद, अडतीस, एकोणतीस, एक्केचाळीस. दुसऱ्या पाळीत: दोन मिनिटं सव्वीस पूर्णांक नऊ, सत्तावीस पूर्णांक दोन, सव्वीस पूर्णांक आठ.

"कोच, हा कागद माझा नाही," तो म्हणाला.

मलेशियातल्या पासिर गुदांगच्या जहाज-कारखान्यात एकतीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस. काम झालं की नाही हे अंग सांगतं, अशी त्याची समजूत. निवृत्तीनंतर मोटारसायकल घेऊन तो महिन्यातून एकदा ट्रॅकवर यायला लागला, तेव्हा मापही तेच ठेवलं. कातडी पोशाख घामाने जड झाला, मनगटं भरून आली, म्हणजे प्रगती. शिवाय घरी गेल्यावर टायरच्या कडेची न घासलेली पट्टी तो पोलादी पट्टीने मोजायचा; वळणावर गाडी जितकी कलेल, तितकी ती अरुंद. अकरा मिलिमीटर, मग सात, मग चार. "टायर झिजतंय की तुम्ही?" बायको विचारायची.

आज सहावी खेप. आजचं महत्त्व वेगळं होतं. कारखान्यात वीस वर्षं शेजारी काम केलेला बिदिन मधल्या गटात होता, शाहरोम नवशिक्यांत. एका गाडीतून यायचे, पण एक ट्रॅकवर असला की दुसरा बाहेर. एकत्र एकही फेरी झाली नव्हती. पुढच्या आठवड्यात बिदिन मुलीकडे दूर कोता भारूला कायमचा जाणार होता. दुपारपर्यंत शाहरोम बिदिनच्या गटात गेला, तरच शेवटची पाळी दोघांना मिळणार.

आणि कोच तिलगाची अट ठरलेली. ती नवशिक्यांच्या वेगाच्या काट्यावर चिकटपट्टी लावायची आणि वेळेचा कागदही पाळी संपल्यावरच दाखवायची. "मला वेग नको, पाकचिक," काकांना मलय भाषेत हाक मारावी तशी ती म्हणायची. "सलग तीन फेऱ्यांच्या वेळांतला फरक एका सेकंदाच्या आत बसवा. ज्याला तेच पुन्हा करता येतं, त्याला ते येतं."

म्हणून पहिल्या पाळीत त्याने जीव तोडून गाडी मारली. प्रत्येक वळणावर ब्रेक शेवटच्या क्षणी, चारही बोटांनी पिळला. उतरला तेव्हा उजव्या हाताला असा गोळा आला की पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरेना. दुसऱ्या पाळीत हात चालतच नव्हता. दोन बोटांनी जेमतेम ब्रेक लागत होता, म्हणून तो वळणाच्या बऱ्याच आधीपासून हलके लावत होता. दिवस गेला, असं समजून निमूट फेऱ्या मारून परत आला.

आणि हा कागद.

"वेळ मोजायच्या यंत्राची अदलाबदल झाली असणार," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाचं तरी माझ्या गाडीला लागलंय."

तिलगाने वाद घातला नाही. त्याला गाडीपाशी नेलं. पुढच्या चाकाजवळच्या यंत्राच्या डबीवर क्रमांक सत्तेचाळीस, कागदावरही सत्तेचाळीस. शाहरोमने डबी हलवून पाहिली. घट्ट होती.

"पण मी काहीच केलं नाही, कोच. हात मेला होता."

"तेच तर सहा महिने सांगतेय. काही करू नका."

बिदिन नासी लेमाकची, म्हणजे नारळीभाताची, पुडी सोडत ऐकत होता. "माझं ऐकलं नाहीस, हिचं ऐकलं नाहीस. शेवटी गोळ्याचं ऐकलंस."

"गप रे. सकाळी मी किती जोर लावला, तू पाहिलास ना?"

"पाहिला. गाडीपेक्षा तूच जास्त ओरडत होतास."

ढिलाई करून काम सरस उतरतं, हे शाहरोमला कोणी कारखान्यात सांगितलं असतं, तर त्याने त्या माणसाच्या हातात शिकाऊ पोरासारखा पुन्हा झाडू दिला असता.

तिलगाने मधल्या गटाचं निळं लेबल पुढे केलं. त्याने हात मागे घेतला.

"दुखऱ्या हाताचं हे. बऱ्या हाताने जमलं तर द्या."

"मूर्खा," बिदिन म्हणाला, "हात बरा व्हायला उद्या उजाडेल. पुढची खेप महिन्याने, तेव्हा मी आहे का इथे?"

तिलगाने दोघांकडे पाहिलं आणि लेबल स्वतःच गाडीवर चिकटवलं. "बिदिनच्या मागे राहा. दोन बोटं. गोळा सुटला तरी दोनच."

चार वाजता ते निघाले. दुसऱ्या फेरीपर्यंत हात मोकळा झाला. मग खरी कसोटी लागली. प्रत्येक वळणापाशी उरलेली दोन बोटं उठू पाहायची. तो ती दाबून धरायचा. बिदिनची पाठ ना लांब गेली, ना जवळ आली. सहा फेऱ्या.

उतरल्यावर बिदिनने त्याच्या पाठीवर थाप मारली. "आलास की शेवटी."

शाहरोमने हातमोजा काढला आणि आत बोट घालून पाहिलं. कोरडा.

"मी दमलो नाही," तो म्हणाला.

"बरं मग?"

"बिदिन, मी दमलोच नाही."

तिलगा नवा कागद घेऊन येत होती. तो खाली बसला होता, तळहाताकडे पाहत. कागद बिदिननेच घेतला आणि सहाही फेऱ्यांचे जवळजवळ सारखेच आकडे मोठ्याने वाचायला लागला.