ऑपरेशननंतरची लावणी

ठाण्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि घरचं लग्न जमल्यासारखे हसले. मणक्यातले स्क्रू जागेवर होते, हाड छान जुळलं होतं. कमरेपासून टाचेपर्यंत जी कळ मला रडवत होती, ती खरंच गेली होती. पाठीवर उरल्या होत्या त्या फक्त बारीक खुणा. "आता सगळं करा, फक्त फार वेळ वाकू नका," ते म्हणाले. मी हो म्हटलं. डोळखांबच्या बाईला वाकू नका म्हणणाऱ्या माणसाशी काय वाद घालणार?

आमच्याकडे लावणी एकमेकींच्या मदतीवर चालते. आज सगळ्याजणी माझ्या शेतात, उद्या तिच्या. एका रांगेत वाकायचं आणि मागे मागे सरकत भाताचं आवण, म्हणजे कोवळी रोपं, चिखलात लावायचं. वर्षभर पोटात ठेवलेलं तिथेच बाहेर येतं: कुणाची लेक माहेरी परत आली, कुणाचा नवरा हात उगारतो. मान खाली असते, म्हणून बोलता येतं. माझा नवरा माझ्यापेक्षा रेडिओशी जास्त बोलायचा. मी ऑपरेशनला तयार झाले ती त्या रांगेसाठीच.

त्या वर्षी जाऊबाईंनी मला बांधावरच अडवलं. "तू बस गो. तुला नाय वाकायचं. तुझ्या वाटणीचं आमी लावू."

माझं शेतही त्यांनीच लावून दिलं आणि मला चहाच्या चुलीपाशी बसवलं. माया होती, कळत होतं, तरी माझं डोकं फिरलं होतं. बांधावर त्यांचं हसणं ऐकू यायचं, कशाला हसल्या ते ऐकू यायचं नाही. इतकं एकटं मला दवाखान्याच्या खाटेवरही वाटलं नव्हतं.

एक दिवस चहाचं भांडं तसंच ठेवून मी चिखलात उतरले. आवणाची मूठ घेतली आणि रांगेच्या टोकाला गुडघे टेकून लावू लागले. पाय दुखत नव्हता, कंबरही कुरकुरत नव्हती. पण गप्पा थांबल्या. मान वर करून पाहिलं, तर सगळ्याजणी माझ्या कमरेकडे बघत होत्या.

"दुखतंय का गो?" जाऊबाईंनी विचारलं.

"नाय."

पुन्हा सगळं चिडीचूप. हातातली मूठ मी लावून संपवली आणि बांधावर चढले. चुलीपर्यंत पोचले नाही तोच मागे त्यांचं बोलणं सुरू झालं.