वटारमधलं दुसरं घर

ज्या कारखान्यात मी बावीस वर्षं स्टोअर सांभाळलं, तो बंद पडला तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. फुलपाड्यातल्या आमच्या घरात जीवदानी आईचा फोटो आहे. पहिले दोन महिने रोज तिच्यासमोर बसायचो, मग ते बसणं हळूहळू सुटलं. राग नव्हता. बोलायलाच काही उरलं नव्हतं. पुढे एका ओळखीच्याने कामणच्या गोदामात पार्सल पोचवायचं काम मिळवून दिलं. टेम्पो त्यांचा, चालवायचा मी. गाडी चालवायची भीती नव्हती, पण पत्ते सापडायचे नाहीत. माझ्या वाट्याला वसई पश्चिमेची गावं आली होती. तिथे गल्लीला पाटी नाही आणि एकाच आळीत एका नावाची तीन माणसं. रोज निम्मी पार्सलं परत यायची. दुसऱ्या आठवड्यात सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, "काका, आजही एवढी परत आली तर मला वर कळवावं लागेल." त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल कीव होती.

त्या दिवशी टेम्पो सुरू करताना मी मनात म्हटलं, आई, तू आहेस की नाहीस, एवढं तरी एकदा कळू दे.

अकराच्या सुमारास वटारला पोचलो. पार्सल मारिया नावाच्या बाईंचं होतं, पत्त्यात फक्त 'विहिरीजवळ'. फोन बंद. विहिरीजवळच्या कौलारू घरावर नावाची पाटी दिसली, मारिया. दार उघडं, पण हाका मारून कोणी येईना. दोन मिनिटं थांबून 'ग्राहक उपलब्ध नाही' असं नोंदवायचं, हा आमचा नियम. बोट फोनवर टेकलंच होतं, इतक्यात घरामागच्या केळीच्या वाडीतून आवाज आला, "कोन हाय?" आवाज इतका बारीक होता, की टेम्पो चालू असता तर ऐकूच आला नसता.

पाण्याच्या पाटाच्या कडेला सत्तरीच्या पुढची एक बाई पडली होती. पाय घसरून सकाळी पडली होती, तेव्हापासून उठता आलं नव्हतं. एक पाय वेडावाकडा वळलेला. "पानी दे, बाबा," एवढंच ती म्हणाली. मी रुमाल भिजवून तिचे ओठ ओले केले आणि रस्त्यावर येऊन ओरडलो. पलीकडच्या घरातून एक निवृत्त शिक्षक धावत आले. ॲम्ब्युलन्सला फोन लावला, पण ती यायला बराच वेळ लागणार होता. "तुमची गाडी मिळेल?" गुरुजींनी विचारलं. गाडीत पन्नासेक पार्सलं होती. क्षणभर मॅडमचा चेहरा डोळ्यांसमोर आला, हे मी लपवत नाही. मग आम्ही सगळी पार्सलं त्या मावशींच्या ओट्यावर उतरवली, त्यांना रुंद फळीवर साडीने बांधून आत घेतलं आणि मी आयुष्यात चालवली नसेल इतकी सावकाश गाडी चालवली. शेजारची एक बाई सोबत होती. वाटेत मावशी डोळे मिटूनच म्हणाल्या, "सकालपासून देवाला सांगत होते, कोनालाही पाठव. मी नाव नाही घेतलं कोनाचं."

खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांचा मुलगा नोकरीवरून येईपर्यंत मी हॉस्पिटलात बसून राहिलो. चार वाजता ओट्यावर परतलो तेव्हा नोकरी गेली, असंच धरून चाललो होतो. ओट्यावर सहा पार्सलं उरली होती. गुरुजींनी एकेक नाव वाचून गावभर फोन केले होते आणि लोक येऊन, वहीत सही करून आपापलं पार्सल घेऊन गेले होते. शेजारच्या गावांतलीही माणसं सायकलवरून येऊन गेली. "पार्सलवरची मारिया मात्र ही नव्हे बरं का," गुरुजी म्हणाले. "तुमचं गिऱ्हाईक मागच्या आळीतलं. तिकडेही विहीर आहे." मी उरलेली सहा पार्सलं गाडीत चढवली आणि वही घेऊन निघालो. मॅडमनी संध्याकाळी सगळं ऐकून घेतलं, सह्या तपासल्या आणि म्हणाल्या, "उद्या वेळेवर या."

देवी आहे की नाही, याचं उत्तर मला मिळालं का, ते सांगता येत नाही. मी उत्तर मागत होतो आणि मला कामाला पाठवण्यात आलं, एवढंच मला दिसलं. आता पत्ता सापडला नाही, तरी पूर्वीसारखा जीव घाबरा होत नाही. गाडी थांबवतो, माणसांना विचारतो, आणि जिथे पोचतो तिथे नीट बघतो.

मावशी आता काठी धरून अंगणापर्यंत येतात. गेल्या महिन्यात मी तिकडून जात होतो, तर त्यांनी हाक मारून थांबवलं आणि केळीच्या पानात बांधलेली सोनचाफ्याची फुलं हातात दिली. "घरी तुझी देवी हाय ना, तिला वाह," म्हणाल्या. "सांग, वटारच्या मारियाने दिली." मी घरी जाऊन आंघोळ केली, फुलं वाहिली, आणि निरोप त्यांच्याच शब्दांत सांगितला.