रबरी घोरपडीच्या आतला माणूस

कोंडाण्याच्या रस्त्याला शनिवार-रविवारच्या माणसांचे बंगले झालेत. त्यांना मी घरचं जेवण पुरवते. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकट. ही माणसं एका रविवारी दुपारी एकत्र बसून मुद्दाम वाईट पिक्चर बघणार आणि त्यावर फिदीफिदी हसणार आहेत, हे मला आधी कळलं असतं तर मी बाबांना तिथे नेलंच नसतं. आज महिना झाला तरी आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

बाबांना असल्या पिक्चरांचा नाद लागला तो एका घोटाळ्यातून. गेल्या वर्षी मोरीत पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि ते भिसेगावच्या घरात अडकून पडले. बाजारात मोबाईलचं दुकान असलेल्या चाचांना त्यांनी निरोप धाडला, की राक्षसाचे पिक्चर भरून द्या. बाबांना म्हणायचं होतं पौराणिक, रावण-कुंभकर्णाचे. चाचांना राक्षस म्हणजे जे वाटलं ते त्यांनी पेनड्राइव्हवर भरलं. टीव्हीला लावलं तर काळीपांढरी विलायती माणसं, आणि वाळवंटात अणुबॉम्ब. पांढरा उजेड पडतो, आणि मग मुंगी, कोळी, नाकतोडा, जे जवळपास असेल ते हत्तीपेक्षा मोठं होऊन गावावर चालून येतं.

मी बंद करायला उठले. बाबा म्हणाले, "थांब गं. आत माणूस हाय."

त्या दिवसापासून आम्ही दोघं रोज दुपारी जेवणं उरकली की बसायला लागलो. इंग्रजी त्यांना येत नाही, मला येतं ते बेताचंच. पण बाबांना चार पिक्चरांत सगळं उमगलं होतं. "हा शास्त्रज्ञ. याचं कोण ऐकत नाय. याला एक पोरगी असणार बघ." आणि पोरगी असायचीच. मोडलेली शहरं बघून ते म्हणायचे, आपलं गणपतीचं मखर यापेक्षा बरं असतं. हसायचो आम्हीही, पोट दुखेपर्यंत. पण राक्षस आला की बाबा सरसावून बसायचे. पाठीला चेन कुठे आहे, बघायला भोक कुठून ठेवलंय, शेपूट कोण ओढतंय, यावर त्यांचं बारीक लक्ष. "गरम होत असंल त्याला," असं म्हणून ते उगाच पंखा वाढवायला लावायचे.

कारण बाबा स्वतः वीस वर्षं राक्षस होते. आमच्या गावी शिमग्याला सोंगं निघायची, त्यात राक्षसाचं सोंग बाबांचं. अंगाला गोणपाट, आत भाताचा पेंढा कोंबलेला, तोंडावर लाकडी मुखवटा. सोंगाचा एक नियम होता. आत कोण आहे हे सगळ्या गावाला माहीत असायचं, पण नाव कोणी घ्यायचं नाही. राक्षस आहे तोवर तो राक्षस. एका वर्षी देवळासमोर नाचताना राक्षसाचा पाय गटारात गेला आणि तो पालथा पडला. पोरं खिदळली. राक्षस उठला, तसाच लंगडत नाचला आणि सोंग पुरं केलं. दुसऱ्या दिवशी बाबांचा घोटा भोपळ्याएवढा सुजला होता. आईनं हळद लावली. कशानं सुजला, हे घरात कोणी विचारलं नाही.

तर कोंडाण्याच्या रस्त्यावरच्या एका बंगल्यातल्या बाई डबा घेताना मला म्हणाल्या, "आमच्याकडे रविवारी जुना राक्षसाचा पिक्चर आहे, भिंतीवर मोठा. तुमच्या बाबांना आवडतात ना, आणा त्यांना." बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला. पाय मोडल्यापासून दवाखाना सोडून पहिल्यांदा ते घराबाहेर पडत होते. रिक्षात त्यांनी दोनदा विचारलं, "मोठा म्हंजे किती मोठा दिसंल गं?"

मोठा दिसला. भिंतभर. तळ्यातून रबरी घोरपड वर आली आणि बाबांनी माझा हात धरला. तोवर त्या माणसांचं सुरू झालं होतं. शेपूट ओढणारी दोरी दिसली की सगळ्यांनी एकदम ओरडायचं आणि घोट घ्यायचा, असा खेळ ठरला होता. सगळ्यात बोचरा शेरा मारेल त्याला बक्षीस. शिकलेली, पन्नाशी गाठलेली माणसं! कोणीतरी घामाघूम होऊन ते धूड अंगावर वागवलंय, चार पैशांत एक अख्खं शहर पुठ्ठ्याचं उभं केलंय, आणि हे गादीवर लोळून त्याची अक्कल काढणार. आवडत नाही तर बघू नका ना. आवडतं तर आवडतं म्हणा. आवडतं हे म्हणायची लाज वाटते म्हणून हसायचं, हा कुठला शहाणपणा?

हे सगळं मला आत्ता सुचतंय.

मग ती घोरपड एका पुठ्ठ्याच्या घराला अडखळली. शेपूट अडकलं, तोल गेला. आणि बाबा, घरी म्हणायचे तसे, पुढे झुकून म्हणाले, "सांभाळ रं!"

मग बंगल्यातल्या बाईंनी तोच हेल काढून म्हटलं, "सांभाळ रं!" हशा पिकला. मग घोरपडीच्या प्रत्येक पावलाला सगळी मिळून ओरडायला लागली, सांभाळ रं, सांभाळ रं. बाई माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टीव्ही लावला तर म्हणाले, पाय दुखतोय, पडतो. तिसऱ्या दिवशीही तेच. पेनड्राइव्ह त्यांनी काढून खिळे-स्क्रूच्या डब्यात टाकला. पंख्याखाली भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे.

मी त्या बंगल्याचा डबा बंद केला आणि महिनाभर घरात आदळआपट केली. त्यांना माणसाची किंमत नाही, त्यांना लाज नाही, मोठे आले शहाणे. भाकरी थापताना, भांडी घासताना, माझं तोंड चालूच. काल दुपारी बाबा उठून बसले.

"त्यांच्यावर कशाला डाफरतेस रोज?" ते म्हणाले. "त्यांना काय म्हाईत. सोंगाच्या आतून दिसत नाय फारसं, पण ऐकू सगळं येतं."

"तुम्ही कुठे आत होता बाबा?" मी म्हणाले. "तुम्ही तर खुर्चीत होता."

त्यांनी पाय हळूच खाली सोडला, घोट्यावरून हात फिरवला.

"त्या हसण्यात एक आवाज वळखीचा होता," ते म्हणाले. "देवळासमोर पडलो तवा पन तो होता. पन तवा तू बारकी होतीस."